एकाच ओढ्यावर पाच गोठलेले धबधबे, पहिलाच मोठा आइस क्लाइंब: स्क्रू किती, उतरायचं कसं, काय बघायचं?

निसरडीवाट

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

रॉक क्लाइंबिंग बऱ्यापैकी झालंय, लीड करतो (म्हणजे पहिला वर जाऊन दोर अडकवत जातो), मल्टिपिचही (एका दोरात न संपणारे रूट) केलेत. बर्फाचं म्हणाल तर बेसिक कोर्स झालाय, टॉप रोपवर (दोर वरून बांधलेला) डब्ल्यूआय-४ पर्यंत (बर्फाची ग्रेड, आकडा मोठा तितकं अवघड) हात मारलाय आणि सोपे पिच (एका दोराचे टप्पे) लीड केलेत, पण ते अगदीच झोपलेले, म्हणजे टूल (बर्फात मारायची छोटी कुऱ्हाड) नुसतं टेकवलं तरी चाललं असतं असे. आता आम्हा तिघांचा बेत असा आहे की एका दरीत एकाच ओढ्यावर एकाखाली एक पाच धबधबे गोठतात ते एका दिवसात करायचे. खालचे दोन साधारण डब्ल्यूआय-३, तिसरा लांब आहे, पूर्ण एक दोर लागतो म्हणतात, चौथा म्हणजे वरून खालपर्यंत आलेला उभा खांब, डब्ल्यूआय-४ लिहिलंय पण फोटोत त्याहून वाईट दिसतो, आणि पाचवा परत आडवा होत होत वरच्या बर्फाच्या मैदानात संपतो. मधे मधे स्नोमधून चालायचे टप्पे आहेत, काही अगदी छोटे काही पाऊण तासाचे. तिघांपैकी एकजण डब्ल्यूआय-४ व्यवस्थित लीड करतो, मी आणि तिसरा अजून शिकतोय.

तर विचारायचं असं की स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचे, दोर अडकवायला) किती न्यायचे आणि कुठल्या लांबीचे, कारण वजन पण बघायचंय. दुसरं म्हणजे उतरायचं कसं, वरून चालत उतरायची वाट आहे पण ती फार लांब फिरून येते असं ऐकलंय, मग व्ही-थ्रेड (बर्फात दोन तिरकी भोकं पाडून त्यातून दोरा ओवायचा) करत त्याच वाटेनं रॅपल करत, म्हणजे दोरावरून खाली सरकत यावं का? व्ही-थ्रेड कोर्समधे एकदा केला होता, जमिनीवर उभं राहून. तिसरं, चौथ्या खांबावर चढायचं की नाही हे खाली उभं राहून कसं ओळखायचं. आणि हाताचं काय करता तुम्ही लोक, टॉप रोपवर असतानाच बोटांची वाट लागली होती.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं, शिव्या पण चालतील.

---

हिमरेषा

शिव्या नाही देत, पण एक सांगते. तुम्ही सगळं विचारलंत ते बर्फाबद्दल, आणि त्या बर्फाच्या वर काय आहे याबद्दल अवाक्षर नाही. पाचवा 'वरच्या बर्फाच्या मैदानात संपतो' असं तुम्ही लिहिलंय ना, मी तिथेच थांबले वाचताना.

धबधबा तिथेच का पडतो, तर वरच्या सगळ्या उतारांचं पाणी त्या घळीत गोळा होतं म्हणून. हिवाळ्यात पाण्याच्या जागी स्नो असतो आणि तोही त्याच वाटेनं खाली येतो, त्याला दुसरी वाटच नाही. पाच धबधबे एकाच ओढ्यावर म्हणजे पाचही एकाच नळीत, आणि तुम्ही दिवसभर त्या नळीच्या आत. वरचा उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर तो अ‍ॅव्हलांचचा उतार, म्हणजे हिमस्खलनाचा, सरळ हिशोब. त्याहून उभ्यावर स्नो सहसा साठत नाही, थोडा थोडा गळून जातो, आणि त्याहून सपाट असेल तर सहसा आपणहून सुटत नाही. नकाशावर काँटूर (उंचीच्या रेषा) मोजा, खालून दिसत नाही म्हणून तो उतार नाही असं होत नाही. धबधब्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर वरचं काहीच दिसत नसतं, हीच तर मेख आहे.

आणि लोकांना वाटतं मोठं हिमस्खलन आलं तरच धोका. स्की करणाऱ्याला ज्यात फक्त धक्का बसेल एवढा स्नो तुमच्यावर तुम्ही उभ्या बर्फावर दोन टूलच्या टोकांना लटकलेले असताना आला तर पुरे आहे, गाडलं जायची गरजच नाही, पडलात की संपलं. गाडले गेलात तर ते अरुंद घळीत, म्हणजे खोल. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्यानं खाली येते, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला तुमच्या दोन सोबत्यांशिवाय कोणी काढणार नाहीये. म्हणून बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (स्नोत खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं तिघांकडे, नुसतं पिशवीत नाही तर वापरायची सवय झालेलं. आइस क्लाइंबर मंडळी वजन वाढतं म्हणून हे घरी ठेवतात, आणि स्क्रू मात्र दोन जास्त घेतात.

जिथे अ‍ॅव्हलांच बुलेटिन निघतं तिथे ते रोज वाचा, निघायच्या दिवशीचं नुसतं नाही, आधीच्या आठवड्याचं पण. धोक्याच्या ५ पायऱ्यांपैकी ३ म्हणजे मधलं, म्हणजे चालेल, असं करू नका, ३ च्या दिवसांवरच माणसं भरपूर मेली आहेत कारण ४ ला लोक घरीच बसतात. ताजा स्नो पडलाय, वारा सुटलाय, किंवा एकदम ऊन पडून तापमान वर गेलंय, यातलं काहीही असेल तर मी त्या नळीत शिरणार नाही, बर्फ कितीही निळा दिसो.

उन्हाचंही बघा. नॉर्वेतलं र्‍युकान माहीत असेल तुम्हाला, आइस क्लाइंबिंगसाठी लोक जगभरातून तिथे जातात. ती दरी इतकी खोल आणि अशी वळलेली आहे की गावात हिवाळ्याचे जवळजवळ सहा महिने ऊनच पोचत नाही, २०१३ मधे तिथल्या लोकांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं. माणसांना ते नकोसं, पण बर्फाला अगदी हवं तसं, दिवसभर सावली. तुमच्या दरीची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते बघा, पाच धबधब्यांपैकी एखाद्यावर जरी अकरा-बारा वाजता ऊन येत असेल तर तो तुम्ही दहाच्या आत ओलांडलेला असला पाहिजे आणि संध्याकाळी परत त्याच्याखालून यायचं असेल तर ऊन जाऊन तो परत आवळेपर्यंत नाही. अशी वेळ जुळत नसेल तर बेत बदला, बर्फ तुमच्या वेळापत्रकानं चालत नाही.

चौथ्या खांबाबद्दल नंतर लिहिते, जरा काम आहे.

---

कडेलोट

ताई बरोबर बोलताय पण इतकं ऐकून पोरगं घरीच बसेल हो.

माझं म्हणणं सोपं आहे, वेग. अशा पाच टप्प्यांच्या रूटवर लोक अडकतात ते चढण्यात नाही तर मधल्या चालीत. दर धबधब्याच्या माथ्यावर दोर आवर, खाली सोड, परत बांध, अर्धा दिवस यातच जातो. मधला स्नो सोपा असेल तर दोर काढून गुंडाळून पाठीवर टाका आणि भराभर पुढच्या पायथ्याशी जा. अ‍ॅव्हलांचच्या वाटेत जितका कमी वेळ थांबाल तितकं बरं, आणि तिघं एकमेकांना बांधलेले असताना एकाला स्नोनं उचललं तर तिघंही जातात.

स्क्रूचं म्हणाल तर पूर्ण ६० मीटरच्या पिचला लीडरकडे आठ-दहा, शिवाय दोन्ही अँकरला (पिचच्या खालच्या आणि वरच्या टोकाला दोर बांधायची जागा) दोन दोन. बहुतेक १३ आणि १६ सेंटीमीटरचे, एखाद-दोन १० चे जिथे बर्फ पातळ आहे तिथे, आणि एक २२ चा व्ही-थ्रेडसाठी, तो हवाच. एका पार्टीत बारा-चौदा पुष्कळ झाले.

---

दोरखंड

कडेलोट भाऊ, वेगाचं मान्य, पण मधे दोर काढायचं सरसकट सांगू नका. प्रत्येक धबधब्याच्या पायथ्याशी उन्हाळ्यात डोह असतो. हिवाळ्यात त्याच्यावर पातळ बर्फ, त्यावर स्नो, आणि खाली पाणी अजून वाहतंय. वरून बघाल तर सपाट पांढरं अंगण दिसतं, सगळ्यात आरामात उभं राहायची जागा तीच वाटते, आणि बिलेवाला (चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा) नेमका तिथेच जाऊन उभा राहतो. भिंत आणि स्नोच्या मधेही फट असते, कधी कधी माणूस आत जाईल एवढी. म्हणून रुंद सपाट जागेवर कडेकडेनं जा, खडकाला धरून, टूलचा दांडा खुपसून बघत, आणि पायथ्याच्या त्या शेवटच्या पट्ट्यात दोर ठेवा. वरच्या मोकळ्या उतारावर काढा हवा तर. म्हणजे दोन्ही नियम खरे, जागा वेगळ्या.

आता स्क्रू. किती न्यायचे हे कडेलोटनी सांगितलंच आहे, मी लावायचं सांगतो कारण कोर्समधे हे घाईत उरकतात. आधी पाय. दोन्ही पाय पसरून पक्के, टाच खाली, एक टूल डोक्याच्या वर नीट रुतलेलं आणि तो हात सरळ, म्हणजे वजन हाडावर. मग दुसऱ्या हातानं कमरेच्या उंचीला स्क्रू, डोक्याच्या वर अजिबात नाही, तिथे जोरच लागत नाही आणि पंपून जाल, म्हणजे हात भरून येतील. आधी वरचा कुजका पापुद्रा टूलनं खरवडून काढा, खालचा गुळगुळीत घट्ट बर्फ दिसेपर्यंत. मग स्क्रूचं तोंड दाबून पाव-पाव फिरवत दात पकडेपर्यंत, आणि मग हँडल. त्यावेळी नळीतून बाहेर येणाऱ्या बर्फाकडे बघायचं, सगळी गोष्ट तोच सांगतो. घट्ट, सलग कांडी बाहेर येतेय तर बर्फ छान. मधेच फिरवणं हलकं झालं, किंवा कांडीऐवजी भुगा येतोय, किंवा पाणी आलं, तर मागे पोकळी आहे, दुसरी जागा बघा. हँगर (स्क्रूच्या डोक्याची दोर अडकवायची पट्टी) बर्फाला टेकला पाहिजे. कोन काटकोनाच्या आसपास, चांगल्या बर्फात बाहेरचं तोंड किंचित खाली झुकलेलं असलं तर उत्तमच, कारण ओढ आली की आटे धरतात. रॉकमधल्या खुंटीसारखं बाहेरचं तोंड वर करायची सवय असेल तर ती मोडा.

काढल्यावर आतली कांडी लगेच झटकून काढा. ती आत गोठली की पुढच्या वेळी तो स्क्रू दात धरत नाही आणि तुम्ही उभ्या बर्फावर एका हातानं त्याच्याशी भांडत बसता. दात बर्फावर किंवा खडकावर आपटू नका, थोडे बोथट झाले तरी फरक कळतो. ऊन असेल तर लावलेल्या स्क्रूच्या डोक्यावर मूठभर स्नो थापा, धातू तापून भोवतीचा बर्फ वितळतो, अ‍ॅल्युमिनियमवाले जास्त.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, स्क्रूचं युरोपियन प्रमाण १० किलोन्यूटनचं (साधारण टनभर ओढ) आहे, पण ते प्रमाण स्क्रूचं, तुमच्या बर्फाचं नाही. शिवाय रॉकवर पडायची सवय असते आपल्याला, लीड शिकताना पडणं शिकवतातच. इथे पायात बारा सुऱ्या आहेत. खाली येताना एक क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधलेले दात) अडकला की घोटा गेला, दोरानं धरलं तरी. म्हणून इथे लीडरनं पडायचं नाही हाच नियम, दमलात तर पडायच्या आधी स्क्रू लावून त्यावर बसा, लाज वाटू देऊ नका.

---

निसरडीवाट

बापरे, एवढं वाचून दोनदा परत वाचलं. डोहाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. हिमरेषाताई खांबाचं राहिलंय तुमचं. आणि ग्रेडबद्दल पण सांगा कोणीतरी, डब्ल्यूआय-४ लिहिलंय आणि फोटो बघून पोटात गोळा येतोय, विश्वास कशावर ठेवायचा?

---

हिमरेषा

फोटोवर. पण फोटो या वर्षीचा आणि या आठवड्यातला हवा. खडकाची ग्रेड वर्षानुवर्षं तीच राहते, बर्फाची रोज बदलते. डब्ल्यूआय-३ म्हणजे साधारण ७० अंशांपर्यंतचा, मधे विसावायला जागा असलेला. डब्ल्यूआय-४ मधे ८० च्या आसपासचा सलग बर्फ आणि मधे मधे उभे तुकडे, आणि ५ म्हणजे उभा किंवा जवळजवळ उभा लांबलचक, विसावा नाहीच म्हणा ना. तोच धबधबा सीझनच्या सुरुवातीला पातळ, पोकळ, फुलकोबीसारख्या गड्ड्यांचा असतो तेव्हा ५ वाटतो, आणि शेवटी शेवटी लोकांच्या टूलनी भोकं पडून पायऱ्या झाल्या की ३ सारखा. म्हणून पुस्तकातला आकडा फक्त किती लांब आणि किती उभं याचा अंदाज.

आता खांब. वरून लोंबणारा सुळा आणि खालून वाढणारा ढीग जुळले की खांब होतो, भिंतीला मागे चिकटलेला असेल तर ठीक, पण सुटा असेल तर तो फक्त दोन टोकांवर उभा आहे. घनमीटरभर बर्फाचं वजन ९०० किलोच्या वर भरतं, म्हणजे मीटरभर जाडीचा दहा मीटर उंच खांब सात टनांचा. आणि तो टांगलाय कशावर, तर वरच्या कडेला चिकटलेल्या बर्फावर. आदल्या रात्री थंडी एकदम वाढली असेल तर बर्फ आकसतो, आत ताण भरतो, आणि कधी कधी टूलच्या एका ठोक्यानं आडवी भेग जाते, मोठा आवाज होतो. लोकांना वाटतं जितकी थंडी जास्त तितका बर्फ पक्का. उलट आहे. शून्याच्या थोडं खाली, दोन ते सात-आठ अंश, काही दिवस सलग, तेव्हा बर्फ लोण्यासारखा लागतो, टूल एका फटक्यात बसतं. उणे पंधराच्या खाली तो काचेसारखा होतो, ताटाएवढ्या चकत्या फुटून तोंडावर येतात.

खाली उभं राहून मी हे बघते: वरच्या टोकाला खांब खडकाला जोडलेला आहे तिथे आडवी रेघ दिसतेय का, पायथा भरीव आहे की कडेनं पाणी वाहतंय, मागून उजेड दिसतोय का, रंग निळा आहे की दुधी. दुधी म्हणजे हवा भरलेला, कमी भरवशाचा. मग बाजूला उभं राहून पायथ्याला टूलनं हलकं ठोकायचं, ढोलासारखा आवाज आला तर त्याच्या खालून बाजूला व्हायचं, चढायची गोष्ट लांबच. दोन-तीन दिवसांत शून्याच्या वर गेलं होतं का, हे विसरू नका, वितळून परत गोठलेला खांब दिसायला सुंदरच असतो. आणि सुट्या खांबावर स्क्रू लावले तर तो तुटताना तुम्हाला दोरासकट घेऊन जातो, म्हणून जमलं तर स्क्रू खांबात न लावता बाजूच्या चिकटलेल्या बर्फात किंवा खडकात. तुमच्या तिघांत तो खांब एकच माणूस लीड करू शकतो. त्यानं नाही म्हटलं की चर्चा नाही, मतदान तर नाहीच नाही.

---

दोरखंड

उतरायचं राहिलं. चालत उतरायची वाट लांब असली तरी ती कुठून जाते हे आधी बघा, बऱ्याचदा ती वाट त्याच अ‍ॅव्हलांच उतारावरून आडवी जाते. मग रॅपल बरं. तेव्हा व्ही-थ्रेडच.

याला अबालाकोव्ह पण म्हणतात, विताली अबालाकोव्ह हा सोव्हिएत गिर्यारोहक, त्याच्या नावावरून. करायचं असं की २२ चा स्क्रू भिंतीला काटकोनात न घालता बाजूला तिरका, साधारण ६० अंशांनी, पूर्ण आत. काढायचा, पण एकदम नाही. थोडा आत ठेवून त्याच्याकडे बघत बघत शेजारी वीसेक सेंटीमीटरवर दुसरं भोक उलट्या तिरकेपणानं घ्यायचं, अर्धवट बाहेर आलेला पहिला स्क्रू दिशा दाखवतो. दोन्ही भोकं आत मिळाली की दुसऱ्या भोकाच्या तळाशी एकदम हलकं लागतं आणि पहिल्यातून भुगा पडतो, कळतंच. मग दोऱ्याचं एक टोक एका भोकातून सारायचं आणि दुसऱ्यातून हुकनं धरून ओढायचं. सात मिलीमीटरचा दोरा, गाठ, झालं. मधे उरलेला बर्फ जितका जाड तितकं बरं, म्हणून लांब स्क्रू, १३ च्या स्क्रूनं केलेला व्ही-थ्रेड बघून माझं तरी मन उतरायला तयार होत नाही.

जमिनीवर उभं राहून एकदा केलाय म्हणता, तर जायच्या आधी हातमोजे घालून, टूलला लटकून, अंधारात हेडलँपवर करून बघा. हुक हातातून सुटला की खाली गेला, तो दोरीनं हार्नेसला बांधा आणि एक जादा ठेवा.

पहिला माणूस उतरताना व्ही-थ्रेडला मागे एक स्क्रू बॅकअप म्हणून, दोरावर ताण न येता सैल जोडलेला. सगळ्यात जड माणूस आणि जड पिशवी आधी. तोवर वरचे दोघं दोऱ्याकडे बघत राहा, बर्फ तडकतोय का, दोरा बर्फात कापत चाललाय का. काही हललं नाही तर शेवटचा माणूस बॅकअप काढून उतरतो. दोर खाली टाकताना टोकांना गाठी, आणि प्रुसिक (हात सुटला तरी दोर धरणारी दोऱ्याची गाठ) लावल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, वरून चकत्या पडत असतात, एक हातावर लागली तर दोर सुटेल. पहिला खाली पोचला की लगेच दोर थोडा ओढून बघायचा, सरकतोय का. ओल्या बर्फावरून गेलेला दोर दहा मिनिटांत चिकटतो, आणि तो वर राहिला तर उरलेले चार धबधबे तुम्ही कसे उतरणार. म्हणून अँकर पाण्यापासून लांब, कोरड्या बर्फात, शक्यतो कडेला. जाडजूड जिवंत झाड सापडलं तर व्ही-थ्रेडचा हट्ट धरू नका, झाड केव्हाही बरं.

---

गारठा

हाताबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

बोटांत रक्त परत येताना जी कळ येते ना, मळमळायला लागतं, माणूस ओरडतो आणि उलटी येईल असं वाटतं, त्याला इंग्रजी बोलणारे क्लाइंबर स्क्रीमिंग बार्फीज म्हणतात. हात डोक्याच्या वर, मूठ घट्ट, रक्त बोटांपर्यंत जातच नाही, खाली आणले की एकदम जातं. औषध एकच, मूठ सैल. टूल नुसतं अडकवून धरायचं, आवळायचं नाही, प्रत्येक फटक्यानंतर हात खाली सोडून दोनदा झटकायचा. फटका कोपरातून आणि शेवटी मनगटाचा झटका, खांद्यातून नाही, आणि फुगवट्यावर मारू नका, दोन फुगवट्यांमधल्या खळग्यात मारा, तिथे बर्फ फुटत नाही. एका फटक्यात बसलं तर पाच वेळा मारावं लागत नाही, हाताची अर्धी दुखणी तिथेच संपली.

हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या लागतात. चढायला पातळ, बिले करायला जाड, आणि एक कोरडी जोडी जॅकेटच्या आत छातीशी. भिजलेली जोडी बाहेर लटकवली की पत्र्यासारखी होते. बिलेवाल्यानं जाड जॅकेट दमून थंडी वाजायला लागल्यावर नाही, थांबल्या थांबल्या चढवायचं, क्लाइंबिंगच्या जॅकेटवरूनच.

पोटऱ्या पण सांगतो. टाच वर गेली की पोटरी पेटते आणि पुढचे दात बर्फातून सुटतात. टाच खाली, मुद्दाम खाली. पूर्वी तर पुढचे दात नव्हतेच, लॉरां ग्रिवेलनं १९२९ मधे बसवले, त्याआधी माणसं पायऱ्या कापत चढायची. तेव्हा पोटऱ्यांबद्दल तक्रार करायची नाही असं मी स्वतःला सांगतो, उपयोग होत नाही तो भाग वेगळा.

---

कडेलोट

डोहाचा मुद्दा मान्य दोरखंड, पायथ्याशी दोर. बाकी एक: वेळ ठरवून घ्या, अमुक वाजता जिथे असू तिथून खाली. चौथ्याच्या पायथ्याशी ठरलेल्या वेळेआधी पोचला नाहीत तर खांब बघायचाच नाही, कारण बघितला की चढावासा वाटतो. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि पाच रॅपल तिघांना म्हणजे काही तास जातात, पहिल्यांदा करताना तर नक्कीच.

---

निसरडीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्रांशी बोललो. ठरलंय असं की यावेळी पहिले तीनच, तिसऱ्याच्या माथ्यावरून व्ही-थ्रेड करत खाली, आणि चौथा नुसता बघायचा (कडेलोट, लांबून बघतो हो). नकाशा काढला, पाचव्याच्या वरचा उतार ३५ च्या आसपास येतोय, म्हणजे ताईंची शंका खरीच निघाली, बुलेटिन २ च्या वर असेल तर जाणारच नाही. एकच शेवटचं, तिघं आहोत तर दोर कसे? एक सिंगल आणि एक बारीक टॅग लाईन (फक्त रॅपलचा दोर ओढायला) चालेल की दोन हाफ रोप (जोडीनं वापरायचे बारीक दोर)?

---

दोरखंड

दोन हाफ रोप, ६० मीटर, ड्राय ट्रीटमेंटवाले. यूआयएएच्या (जागतिक गिर्यारोहण संघटनेच्या) पाण्याच्या चाचणीत पास झालेला दोर स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त पाणी पीत नाही, साधा दोर भरपूर पितो आणि मग गोठून काठी होते, बिलेच्या डिव्हाइसमधून जातच नाही. लीडर दोन्ही ओढत जातो, वर पोचला की दोघं एकेका दोरावर, थोड्या अंतरानं आणि बाजूबाजूनं, एकाच्या बरोब्बर खाली दुसरा अजिबात नाही कारण वरचा जे फोडेल ते खालच्याच्या हेल्मेटवर येणार. बिलेवालाही धबधब्याच्या रेषेत उभा राहणार नाही, कडेला खडकाचा आडोसा शोधायचा, दोर थोडा जास्त लागला तरी चालेल. लीडरनं पण वर जाताना सरळ न जाता जरा तिरकं जाऊन अँकर बाजूला घ्यावा.

टॅग लाईनवर रॅपलचा दोर ओढता येतो, पण बारीक दोर वाऱ्यानं बर्फाच्या सुळ्यांत जाऊन गुंतला की काढता येत नाही, तुमच्यासारख्या पहिल्या वेळेला नको. आणि दोन दोर दोन रंगांचे घ्या, कुठला ओढायचा हे वरूनच तिघांनी मोठ्यानं म्हणून घ्या मग उतरा.